बारावीचे गणित सहावीत

वॉशिंग्टनजवळच्या उत्तर व्हर्जिनियात मी गेली बावीस वर्षे राहते. शनिवारी सकाळी इथल्या वाचनालयात शाळकरी मुलांना गणितात मदत करायला जाते. गेल्या वर्षी तिथे आठवीतली एक मुलगी येत असे. आईवडील एल साल्वादोरहून आलेले, आई रात्री ऑफिसांची साफसफाई करणारी. एकदा गंमत म्हणून मी तिला दोन चलांची समीकरणे घातली, तर तिने ती जवळजवळ तोंडीच सोडवली. "मग तू अल्जिब्राच्या वर्गात का नाहीस?" मी विचारले. ती म्हणाली, "सहावीत एक कागद घरी आला होता. आईला वाचता आला नाही. सही राहिली."

त्या राहिलेल्या सहीची किंमत समजायची तर इथल्या गणिताची शिडी आधी समजावी लागेल. आपल्याकडे नववी-दहावीत बीजगणित आणि भूमिती सगळा वर्ग बरोबरीने शिकतो. इथे अल्जिब्रा एक, भूमिती, अल्जिब्रा दोन, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस अशा पाच पायऱ्या, साधारण वर्षाला एक. एकाच शाळेत, एकाच वयाची मुले वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतात. नववीत अल्जिब्रा सुरू करणारे मूल बारावीला प्रीकॅल्क्युलसपर्यंत येते आणि शाळा संपते. आठवीत सुरू करणारे कॅल्क्युलस गाठते. चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना ते हवे असते. आणि आठवीत अल्जिब्रा मिळायचा तर सातवीत वरच्या गणिताला बसावे लागते, म्हणजे निर्णय सहावीतच होतो. अकरा-बारा वर्षांच्या पोराचा.

अर्थात, शाळेत शेवटची पायरी असावीही लागते. २०१५-१६ च्या सरकारी पाहणीत देशातल्या सुमारे निम्म्याच हायस्कूलांत कॅल्क्युलस शिकवले जात होते. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले जास्त असलेल्या हायस्कूलांत हे प्रमाण ३८ टक्के होते. पण माझ्या वाचनालयातली मुलगी ज्या शाळेत जात होती, तिथे वर्गही होता आणि शिक्षकही. तिथे काय कमी पडले, ते मला नीट माहीत आहे, कारण माझ्या घरी ते कमी पडले नव्हते.

माझा मुलगा सहावीत असताना आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका ओळखीच्या बाईंनी विचारले, "अगं, त्याचं गणिताचं काय केलंस? टेस्टचा क्लास लावला नाहीस अजून?" मला टेस्टचाच पत्ता नव्हता. सोमवारी मी शाळेत फोन केला, आठवड्याभरात क्लास लावला, आलेल्या प्रत्येक कागदावर सही केली. मुलगा पुढे एका मॅग्नेट शाळेत गेला. त्याची मेहनत खरीच, पण प्रसादाची रांगही खरी.

या मॅग्नेट शाळांचा जन्म मात्र अगदी उलट हेतूने झाला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण शाळा एकत्र करायला मुलांना बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला नेण्याचे आदेश निघाले, तेव्हा दंगे झाले आणि अनेक गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली. मग सक्तीऐवजी आकर्षणाचा मार्ग पुढे आला: विज्ञान, संगीत, भाषा अशा विषयांच्या खास शाळा काढायच्या, म्हणजे सगळ्या थरांतली मुले लोहचुंबकाकडे यावीत तशी आपणहून येतील. १९७० च्या दशकात हा प्रयोग देशभर पसरला. पुढे या नावाखाली निवडक मुलांच्या शाळाही आल्या, आणि चुंबक नेमके कोणाला ओढतो हा प्रश्न मागे पडला.

आमच्या भागातली थॉमस जेफरसन ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. १९८५ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानासाठी सुरू झाली, देशातल्या हायस्कूलांच्या यादीत अनेकदा पहिली आली. भारतीय घरांतून तिचे नाव 'टीजे' असे घरच्या माणसासारखे घेतले जाते. २०२० मध्ये शिक्षण मंडळाने तिची प्रवेश परीक्षा आणि अर्जाची फी रद्द केली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या वरच्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखल्या. पहिल्याच वर्षी गरीब घरांतली मुले एका टक्क्याच्याही खालून सुमारे २५ टक्क्यांवर गेली, आशियाई मुले ७३ वरून ५४ वर आली. पालक कोर्टात गेले. २०२२ मध्ये जिंकले, २०२३ मध्ये अपिलात हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

त्या दिवसांत आमच्या मंडळींत दुसरा विषय नव्हता. वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्या मुलांच्या पायाखालची परीक्षाच काढून घेतली, हे दुःख मला समजत होते. पण दोन्ही बाजू सुमारे ५५० जागांसाठी भांडत असताना एक अट जशीच्या तशी राहिली: अर्ज करायला आठवीत निदान अल्जिब्रा एक सुरू असायला हवा. म्हणजे सुधारणेनंतरही माझ्या वाचनालयातल्या मुलीला अर्जच करता आला नसता.

सॅन फ्रान्सिस्कोने दुसरे टोक गाठले. २०१४ पासून तिथल्या सरकारी शाळांनी समतेसाठी आठवीतला अल्जिब्रा सगळ्यांचाच बंद केला. ऐपत असलेल्यांनी तो बाहेर पैसे भरून शिकवला. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी तो परत आणा असा कौल मोठ्या बहुमताने दिला.

उपयोग झालेला उपाय फार साधा आहे. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत विशेष बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठी आधी पालकांनी किंवा शिक्षकांनी नाव सुचवावे लागे. २००५ च्या सुमारास दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाचणी घेणे सुरू झाले. निकष तेच. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांची संख्या चांगलीच वाढलेली दिसली. ही मुले आधीही तिथेच होती, कोणी नाव सुचवले नव्हते इतकेच. मंदीत पैसे आटले, चाचणी बंद झाली आणि दरी परत आली. टेक्सासने २०२३ मध्ये कायदाच केला: पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत येणारे मूल सहावीत आपोआप वरच्या वर्गात बसेल, नको असेल तर पालकांनी लेखी कळवायचे. सही लागते, पण नकारासाठी.

हे वाचताना मला कराड तालुक्यातली माझी जिल्हा परिषदेची शाळा आठवली. चौथीच्या स्कॉलरशिपला कोण बसणार, असे आमच्या गुरुजींनी कधी विचारलेच नाही. त्यांनी अख्ख्या वर्गाचे फॉर्म भरले, आणि ज्यांच्या घरून फी आली नाही त्यांची स्वतः भरली. माझ्या वडिलांना परीक्षा झाल्यावर कळले.

ती मुलगी आता नववीत आहे, अल्जिब्रा एकच्या वर्गात. उन्हाळ्यात भूमिती संपवली तर तिला अजून कॅल्क्युलस गाठता येईल. तो कोर्स आहे, फुकट आहे, पण नाव पालकांनीच नोंदवायचे असते. फॉर्म निघाला की मला फोन कर, असे मी तिच्या आईला सांगून ठेवले आहे, माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये.