रस्त्याची रुंदी आणि वाहनाचा वेग : जंगली महाराज रस्त्याच्या पुनर्रचनेचा विचार

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची कीर्ती मुख्यतः त्याच्या पृष्ठभागामुळे झाली. १९७६ च्या आरंभी हा रस्ता वाहतुकीस खुला झाला. बांधणाऱ्यांनी दहा वर्षांची हमी दिली होती आणि त्यानंतरही कित्येक पावसाळे त्यावर खड्डा पडला नाही, हे पुणेकर अद्याप कौतुकाने सांगतात. परंतु वाहनास सुखकर असलेला पृष्ठभाग पादचाऱ्यास निर्धोक असतोच असे नाही. २०१६ साली पुणे महानगरपालिकेने नागरी पथरचनेची मार्गदर्शक तत्त्वे सिद्ध केली आणि त्याच सुमारास या रस्त्याची पुनर्रचना हाती घेतली, तेव्हा मुख्य प्रश्न डांबराचा नव्हता. रुंदीच्या वाटणीचा होता.

या वाटणीचे महत्त्व साध्या गणिताने कळते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकास एक सेकंद लागतो आणि ब्रेक दाबल्यावर वेग दर सेकंदास सेकंदाला ७ मीटर या प्रमाणात घटतो, असे धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन मग सुमारे १३ मीटरांत थांबते. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनास सुमारे २८ मीटर लागतात. त्यांपैकी पहिले १४ मीटर तर ब्रेक लागण्यापूर्वीच संपतात. म्हणजे पहिले वाहन जेथे स्थिर झालेले असते, तेथून दुसरे आपल्या पूर्ण वेगाने जाते. त्या जागी एखादे मूल उभे असेल, तर भेद किती आहे हे निराळे सांगावयास नको.

वेगमर्यादेची पाटी हा भेद घडवून आणू शकत नाही. चालक वेग ठरवितो तो पुढे दिसणाऱ्या मोकळ्या रुंदीवरून. आपल्या शहरांतील वाहनमार्ग कोठे रुंद, कोठे अरुंद असतात. पण वाहतुकीचा प्रवाह ठरतो तो चौकाच्या व अरुंद भागाच्या क्षमतेवरून. मधल्या फुगवट्याने क्षमता वाढत नाही. तेथे गाड्या उभ्या राहतात, नाही तर वेग वाढतो. म्हणून वाहनमार्ग सर्वत्र एकसारख्या रुंदीचा करून उरलेली जागा पदपथास दिली, तर वाहनांचे फारसे काही जात नाही. जंगली महाराज रस्त्यावर या तत्त्वाने पदपथ प्रशस्त झाले, झाडांभोवती बैठका आल्या आणि मुलांच्या खेळासही जागा मिळाली.

पदपथाच्या उंचीकडे मात्र बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर निर्वेध रुंदी असावी आणि कड १५० मिलिमीटरांहून उंच नसावी. उंच कडेवर वृद्ध मनुष्य चढत नाही. तो रस्त्यानेच चालतो, आणि दोष मात्र त्याला दिला जातो.

सायकलपथ हा या रचनेतील दुबळा दुवा होय. पदपथाच्या पातळीवर आखलेल्या पट्टीवर पादचारी स्वाभाविकपणे पसरतात, आणि चौक आला की ती पट्टी तुटते. सायकलस्वारास खरा धोका असतो तो तेथेच, वळणाऱ्या वाहनापासून. चौकातील कोपऱ्याची त्रिज्या लहान केल्यास वाहनास मंदावूनच वळावे लागते, आणि पदपथाच्याच उंचीवर नेलेले ओलांडणे चालकास ठळकपणे दिसते. सायकलपथाची आखणी म्हणून चौकापासून आरंभून दोन चौकांमधील भागाकडे न्यावयास हवी. प्रत्यक्षात ती बहुधा उलट दिशेने होते.