कथेतल्या माणसाचा जमाखर्च

माझ्या वहीत एक ओळ बरेच दिवस पडून होती : शिंप्याच्या कपाटात कुणी न नेलेली सफारी. साडी फॉल-पिकोला टाकायला कराडच्या पेठेतल्या एका दुकानात गेले होते, तेव्हा ती दिसली. काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, खिशाला पावतीचा तुकडा टाचलेला. सफारीची चलती होती त्या काळातलं कापड. दुकानदाराला मी काही विचारलं नाही. घरी आले, ओळ लिहिली आणि वही मिटली.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. रात्रीची आवराआवर झाली की स्वयंपाकघरातल्याच टेबलावर कथा लिहायला बसते. पोटापाण्याशी या लिहिण्याचा संबंध नाही, पण म्हणून मी त्याला हलकं मानत नाही. मराठी कथेतलं फार मोठं काम दुसरं काम सांभाळून झालेलं आहे. अरविंद गोखले शेतकी शास्त्रातले, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि दि. बा. मोकाशी पुण्यात रेडिओ दुरुस्त करत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून नोकरी-धंदा करून लिहिणाऱ्यांसाठी निदान वर्षातून एकदा तरी एक दार उघडं राहत आलं आहे. त्या दारापर्यंत जायचं तर वहीतल्या एका ओळीची कथा व्हावी लागते. ती कशी होते, हे या सफारीच्या निमित्ताने सांगते.

वहीतल्या बऱ्याच ओळी तिथेच विरून जातात आणि ते चांगलंच आहे. कुठली ओळ धरायची यासाठी माझी एक साधी पारख आहे. दुपारच्या चहाला ती गोष्ट मी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना सांगते. त्या हसल्या किंवा हळहळल्या आणि विषय संपला, तर तो किस्सा होता. सांगून झाला, मोकळा झाला. पण त्यांनी ‘मग त्यानं ती अजून का ठेवलीय?’ असं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही, तर ती ओळ मी पुढे नेते. सफारीचं तसंच झालं. दुकानाला जागा अपुरी, कपाट एकच, आणि त्यातला दर्शनी खण या माणसानं परक्याच्या कपड्याला देऊन ठेवलेला.

यापुढच्या टप्प्यावर मराठीत लिहिणाऱ्याला एक मोह होतो. आपल्याकडे व्यक्तिचित्राची परंपरा भक्कम आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’, पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ वाचतच आपण मोठे झालेले असतो. त्यामुळे शिंपी म्हटला की त्याचा चष्मा, गळ्यातला इंचटेप, कानावरचा खडू, बोलण्याची ढब हे सगळं हाताशी तयार असतं. पानभर लिहूनही होतं. ते लिहिणं खोटं नसतं, पण तो माणूस काल होता तसाच आज असतो आणि उद्याही तसाच असणार असतो. व्यक्तिचित्राला तेवढं पुरतं. कथेला असा एक दिवस लागतो, ज्या दिवशी त्याला कालच्यासारखं राहता येणार नाही. तो दिवस कुठला, हे ठरवायचं तर त्यानं आजवर काय सांभाळून ठेवलंय ते आधी कळायला हवं.

त्यासाठी मी माणसाचा महिन्याचा जमाखर्च लिहिते. ही सवय नोकरीतून आली. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो आणि त्याच्या पासबुकात काय दिसतं, यांत अंतर असतं हे मी रोज बघते. कथेतल्या शिंप्याला मी ‘नाना’ म्हटलं आणि त्याचा हिशेब मांडायला घेतला. जमेला : जूनमध्ये शाळांचे गणवेश, दिवाळीआधी थोडी शिलाई, एरवी चेन बदलणं, पँट आखूड करणं, ब्लाउज सैल करणं. तयार कपडे गावोगाव पोहोचल्यापासून अशा दुकानांत नवी शिलाई कमी आणि दुरुस्ती जास्त, हे आपण सगळेच पाहतो. खर्चाला : दुकानाचं भाडं, वीजबिल, दोरा, सुया, मशीनचं तेल, हाताखालच्या पोराची मजुरी, दोन वेळचा चहा. नाना काटकसरी. उरलेल्या दोऱ्यांची रिळं डब्यात ठेवतो, उसवलेली बटणं पुन्हा वापरतो.

मग मी एक खर्च मुद्दाम असा शोधते, जो त्या माणसाला शोभत नाही. नानाच्या हिशेबात तो आपसूक आला : वर्षातून एकदा ड्रायक्लीनचं बिल. घरच्या कपड्यांवर असा खर्च त्यानं कधी केलेला नाही. हे बिल त्या सफारीचं. कापड गिऱ्हाइकाचं, शिलाईतली निम्मी रक्कम आगाऊ मिळालेली, निम्मी बुडालेली, आणि तरी हा माणूस पदरचे पैसे घालून तो कपडा जपतोय.

का? मी कारणांची यादी केली. गिऱ्हाईक वारलं आणि नाना त्याची आठवण जपतो. गिऱ्हाईक जुना मित्र होता. ‘येईन’ असा शब्द देऊन गेला म्हणून नाना शब्द पाळतोय. तिन्ही कारणं वाचून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली : तिन्हींत नाना भलाच ठरतो. वाचकाला आवडेल असा आणि वाचून झाल्यावर विसरला जाईल असा. बाहेरून दिसतो तो चांगुलपणा आणि आतलं कारण यांत काहीच फरक नसेल, तर ते माणूस अजून मला कळलेलं नाही असं मी धरून चालते.

म्हणून मी यादी बाजूला ठेवली आणि काम बघायला गेले. त्या दुकानात नाही, दुसऱ्या गावातल्या, ओळखीच्या एका शिंप्याकडे. बाकावर बसायला मिळालं, चहा मिळाला, आणि ‘लिहिताय तर नीट लिहा’ म्हणून सगळं उलगडून दाखवलं गेलं. मापाची वही पाहिली. एका पानावर छाती, कंबर, खांदा, बाही, मुंढा, उंची. त्याच माणसाची पाच-सात वर्षांनंतरची मापं पुढे कुठेतरी, कंबर वाढलेली, खांदा तेवढाच. पावतीला कापडाची चिंधी टाचलेली, म्हणजे दोन गिऱ्हाइकांच्या कापडांची अदलाबदल होणार नाही. कातर चालवण्याआधी कापडावर खडूनं आखलेल्या रेषा आणि त्या आखताना आपोआप थांबणारं बोलणं.

तिथेच मला हवं होतं ते मिळालं. शिवणीच्या आत थोडी माया ठेवलेली असते. पोट सुटलं तर शिवण उसवून कंबर सैल करता येते, दुमडलेली कड सोडून पँट लांब करता येते. खांद्याचं तसं नसतं. खांदा अरुंद कापला गेला, तर बाही काढावी लागते, मुंढा बिघडतो, आणि एवढं करूनही मुळात नसलेलं कापड आणायचं कुठून? खांदा चुकला की कपडा गेला, असं त्या गृहस्थांनी सहज सांगितलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

घरी येऊन मी नानाच्या हिशेबाखाली लिहिलं : सफारीचा खांदा अरुंद कापला गेलाय. नानाला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गिऱ्हाईक नोकरीसाठी मुंबईला गेलं, पण त्याच्या भावाचं घर दोन गल्ल्यांवर आहे. निरोप देता आला असता. नानानं तो कधी दिलेला नाही. कारण त्या कपड्यावर त्यानं आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम केलंय, खिसे, काज, टीप, सगळं. तो कपाटात आहे तोवर येणारा-जाणारा त्याची तारीफ करतो. अंगावर चढला, की दोन मिनिटांत सगळं उघडं पडेल.

आता ड्रायक्लीनच्या बिलाचा अर्थ लागला. त्यात इमानदारी आहे आणि भीतीही आहे, आणि या दोन गोष्टी नानाला स्वतःलाही वेगळ्या काढता येणार नाहीत. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७च्या ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’मध्ये सपाट पात्रं आणि गोलाईची पात्रं असा भेद केला आहे. पात्राला खरी गोलाई आहे का, याची त्यांची कसोटी अशी की त्यानं आपल्याला चकित करावं आणि तरी ते पटावं. माझ्या अनुभवात हे पटणं कामाच्या तपशिलातून येतं. खांद्याचं गणित ठाऊक नसतं, तर नानाची भीती मला कल्पनेनं चिकटवावी लागली असती.

भीती कळली की दिवस सापडतो. गिऱ्हाइकाचा मुलगा वडिलांच्या कागदांत सापडलेली पावती घेऊन दुकानात येतो. एवढीच घटना. त्यानंतर मी कुणाला काय माहीत आहे याचा तक्ता केला. मुलाला खांद्याचं माहीत नाही. वाचकाला अर्ध्या कथेनंतर कळतं. नानाच्या बायकोला सफारीचा राग आहे, पण कारण ठाऊक नाही. आणि हाताखालचा पोरगा? दरवर्षी तीच सफारी हँगरवर चढवणाऱ्या, आता स्वतः कटिंग शिकलेल्या पोराच्या नजरेतून खांदा सुटेल कसा? त्याला माहीत आहे आणि तो कधी बोललेला नाही. या एका नोंदीनं तो पोरगा कथेत माणूस म्हणून उभा राहिला. तोवर तो फक्त चहा आणायला होता.

मग बोलणं. आपल्या भाषेत आडनाव दिलं की गाव आणि जात दोन्ही पाठोपाठ आत येतात आणि वाचक त्यावरून माणसाचा अंदाज बांधायला लागतो. कथेला त्याची गरज असेल तर ते स्पष्टपणे द्यावं. इथे सगळी पेठ त्याला ‘नाना’ म्हणते, तेवढं पुरे होतं. साताऱ्याकडचं बोलणं कागदावर उतरवताना मी प्रत्येक शब्द वाकवत नाही. ‘हाय की’, ‘न्हाई बा’ असे मोजके शब्द आणि वाक्याची चाल पकडली की कानात आवाज येतो. सर्वांत जास्त लक्ष मी कोण कुणाला काय म्हणतं याकडे देते. मुलगा दुकानात शिरतो तेव्हा नाना त्याला ‘ये, बस’ म्हणतो. पावती पुढे आली की ‘तुमचे वडील बरे हायत न्हवं?’ एका वाक्यात ‘तू’चा ‘तुम्ही’ झाला. नाना घाबरलाय, हे मला वेगळं लिहावं लागलं नाही.

शेवट मी निरनिराळ्या तऱ्हांनी लिहून पाहिला. मुलाच्या अंगाला सफारी नेमकी बसते, हा गोड शेवट होता, पण मग नानाला काही करावंच लागत नाही. मुलगा नाराज होऊन निघून जातो, यातही नाना नुसता बघत राहतो. कथा त्याची होती, म्हणून कृतीही त्याचीच हवी. मुलगा पिशवी उघडायला लागतो आणि नाना आपणहून म्हणतो, ‘खांद्यात कमी पडंल.’ इतकी वर्षं जे वाक्य बोलायचं टाळलं, तेच तो बोलतो. पुढे मुलगा काय म्हणतो, हे मी लिहिलं नाही. नानाचं जे व्हायचं ते त्या तीन शब्दांत झालं होतं.

यात एक पथ्य मी कसोशीनं पाळते. जिवंत माणसाकडून घ्यायचं ते एखादं दृश्य, एखादी कृती. त्याचं घर, त्याचं दुःख, त्याचं गुपित घ्यायचं नाही. नानाचं वय, गाव, कुटुंब, सगळं मी बदललं आणि खांद्याची गोष्ट तर पूर्ण रचलेली आहे. पेठेतल्या त्या दुकानदाराकडे सफारी का आहे, हे मी आजही विचारलेलं नाही. ते उत्तर त्याचं आहे.

ज्यांना लिहावंसं वाटतं आणि ‘विषय सुचत नाही’ म्हणून जे थांबून राहतात, त्यांना मी हेच सुचवीन. थोर प्रसंगाची वाट पाहू नका. मनात रेंगाळणारं कुणी असेल, तर त्याचं नाव-गाव बदलून एका महिन्याचा जमाखर्च लिहायला बसा. भाडं, किराणा, औषधं, देवाला ठेवलेले पैसे, कुणाला न सांगता दिलेले उसने. सगळं माणसाला शोभेल असं लिहून झालं, की एक रक्कम अशी घाला जी त्याला शोभत नाही. मग पेन खाली ठेवा आणि त्याचा धंदा जाणणाऱ्या कुणाकडे तरी जाऊन बसा. त्या रकमेचं कारण तुम्हाला सापडेल, तेव्हा त्या माणसाच्या चांगुलपणाखाली काय दडलंय तेही सापडेल. कथा तिथून लिहायला घ्या.