शेजाऱ्यांचे शहर : कोबे

(एखादे शहर मोठे कशामुळे ठरते? उंच इमारतींमुळे, रुंद रस्त्यांमुळे, की तेथे राहणाऱ्या माणसांमुळे? जपानमधील कोबे या शहराची माहिती देणाऱ्या या पाठात या प्रश्नाचे उत्तर शोधू या.)

विद्यार्थी मित्रांनो, जगाचा नकाशा उघडा. आशिया खंडाच्या पूर्वेला समुद्रात बेटांची एक वाकडी रांग दिसेल. तो जपान देश. त्यातील सर्वांत मोठे बेट होन्शू. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर ओसाका हे मोठे शहर आहे आणि त्याच्या पश्चिमेला, अगदी जवळ, कोबे. आज कोबेची लोकसंख्या सुमारे १५ लाख आहे.

कोबेची रचना मजेशीर आहे. उत्तरेला रोक्को पर्वताची रांग, दक्षिणेला समुद्र आणि या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत मुख्य शहर वसलेले. रोक्कोचे सर्वांत उंच शिखर ९३१ मीटर आहे. तुम्ही कोबेत एखाद्याला पत्ता विचारला, तर तो 'उत्तरेला जा' किंवा 'दक्षिणेला जा' असे म्हणेलच असे नाही. 'रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला', 'स्टेशनच्या समुद्राकडच्या बाजूला' असे तो सांगेल. तेथे मान वर केली की डोंगर दिसतो. मग दिशा चुकणार कशी?

जागा अपुरी पडू लागली, तेव्हा कोबेच्या लोकांनी एक धाडसी काम केले. त्यांनी डोंगर फोडला, त्याची माती आणि दगड समुद्रात टाकले आणि नवे बेट तयार केले. त्याचे नाव पोर्ट आयलंड. हे काम १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९८१ मध्ये पूर्ण झाले. डोंगर उतरून समुद्रात गेला, असे लोक गमतीने म्हणत.

कोबे हे मूळचे बंदर. 'बंदर' हा शब्द मराठीने फारसीतून घेतला आहे. उर्दूत आपण 'बंदरगाह' म्हणतो. म्हणजे हा शब्दही जहाजातून आलेल्या प्रवाशासारखाच आहे. दोनशेहून अधिक वर्षे जपानने परदेशी लोकांसाठी आपली दारे जवळजवळ बंद ठेवली होती. ती उघडल्यावर १८६८ साली कोबेचे बंदर परदेशी जहाजांसाठी खुले झाले. इंग्रज, अमेरिकन, जर्मन, चिनी असे अनेक देशांचे व्यापारी येथे आले. किनाऱ्याजवळ त्यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि डोंगराच्या उतारावर, कितानो या भागात, त्यांची घरे झाली. लाकडी सज्जे असलेली त्यांतील काही घरे अजून जतन करून ठेवली आहेत.

या बंदराचे आपल्या मुंबईशीही जुने नाते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये सूतगिरण्या वाढत होत्या. त्यांना कापूस हवा होता आणि मुंबई ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. पण जहाजांचे भाडे फार असे. म्हणून १८९३ साली जमशेटजी टाटा यांनी निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी केली आणि मुंबई ते जपान अशी नवी जहाजवाहतूक सुरू झाली. कापसाच्या गाठी मुंबईहून कोबेला उतरू लागल्या.

मालाच्या पाठोपाठ माणसेही गेली. १९२३ साली योकोहामा आणि टोकियो या शहरांना मोठ्या भूकंपाने उद्ध्वस्त केले. तेव्हा योकोहामाचे अनेक भारतीय व्यापारी कोबेला येऊन राहिले. सिंधी, गुजराती, पंजाबी अशी कुटुंबे येथे स्थिरावली. कापड आणि पुढे मोती हा त्यांचा मुख्य व्यापार झाला.

१९३५ साली कोबेत जपानमधील पहिली मशीद बांधली गेली. तिच्यासाठी भारतीय व्यापाऱ्यांनी आणि रशियातून आलेल्या तातार लोकांनी वर्गण्या दिल्या. आज कितानो आणि त्याच्या आसपास थोडे फिरले, तर मशीद, चर्च, ज्यू लोकांचे प्रार्थनागृह आणि संगमरवरी जैन मंदिर अशी निरनिराळी प्रार्थनास्थळे पाहायला मिळतात. जपानी लोकांचे प्राचीन इकुता देवस्थानही फार दूर नाही. असे म्हणतात, की या देवस्थानाची सेवा करणाऱ्या कुटुंबांना जो शब्द होता, त्यावरूनच 'कोबे' हे नाव पडले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, विमानांतून टाकलेल्या बॉम्बनी कोबेचा फार मोठा भाग जळून गेला. आजूबाजूची लाकडी घरे राख झाली; पण सिमेंट-काँक्रीटची मशीद उभी राहिली. शहर पुन्हा बांधले गेले. कारखाने वाढले, बंदर जगातील मोठ्या बंदरांत गणले जाऊ लागले. कोबेला आता कशाचेही भय नाही, असे वाटू लागले.

तुमच्या घरातील मोठ्या माणसांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत असेल. त्या पहाटे आपल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला होता. त्यानंतर दीड वर्षही झाले नव्हते, तोच कोबेवर तशीच पहाट आली. १७ जानेवारी १९९५. वेळ ५ वाजून ४६ मिनिटे. थंडी होती, अंधार होता. बहुतेक लोक झोपेत होते. कोबेसमोरच्या आवाजी बेटाच्या उत्तर टोकाजवळ जमिनीखाली खडक सरकला आणि धरणी हादरली. या भूकंपाची तीव्रता ७.३ होती. मोठे धक्के काही सेकंदच बसले. पण त्यांत सुमारे १ लाख घरे पूर्णपणे कोसळली. ६,४३४ माणसे मरण पावली. खांबांवर उभा असलेला उंच महामार्ग एका ठिकाणी सहाशे मीटरहून अधिक लांब आडवा झाला.

जपानमध्ये भूकंप नेहमीच होतात. मग इतकी हानी का झाली? याची कारणे समजून घ्या. जुनी घरे लाकडाची होती. वादळात छप्पर उडू नये म्हणून त्यांवर जड कौले घातलेली होती; पण खालच्या भिंती हलक्या होत्या. धक्का बसताच जड छप्पर झोपलेल्या माणसांवर आले. १९८१ साली जपानने घरबांधणीचे नियम कडक केले होते. त्यानंतर बांधलेली घरे बरीचशी टिकली, जुनी पडली. मग आगी लागल्या. जमिनीखालचे नळ फुटल्यामुळे बंबवाल्यांना पाणी मिळेना. नागाता भागात रबरी आणि प्लास्टिकच्या चपला-बूट तयार करणारे छोटे कारखाने दाटीवाटीने होते. तेथील घरांच्या रांगाच्या रांगा जळाल्या.

अशा वेळी कोण मदतीला आले? अग्निशामक दल, पोलीस, सैन्य सगळे आले. पण रस्ते बंद होते आणि ढिगारे हजारो होते. ढिगाऱ्याखालून जे लोक जिवंत निघाले, त्यांतील बहुतेकांना त्यांच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. कोणाकडे गाडीचा जॅक होता, कोणाकडे करवत होती, कोणाकडे नुसते हात होते. आवाजी बेटावरील होकुदान या गावात तर शेजाऱ्यांना हेही ठाऊक होते, की कोणत्या घरात कोण कोणत्या खोलीत झोपतो. म्हणून नेमके कोठे खणायचे ते त्यांना कळले आणि त्याच दिवशी शोधाचे काम पूर्ण झाले. शेजाऱ्याची ओळख ही किती मोलाची गोष्ट आहे, पाहा!

आता थोडे मागे वळू या. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियो आणि योकोहामाच्या परिसरात खोट्या अफवा पसरल्या होत्या. कोरियन लोक विहिरींत विष घालत आहेत, असे सांगितले गेले. घाबरलेल्या जमावाने त्यावर विश्वास ठेवला आणि कोरियातून आलेल्या हजारो निरपराध माणसांचे प्राण घेतले. भूकंपातून वाचलेले लोक माणसांच्या हातून मेले. कोबेच्या नागाता भागातही पुष्कळ कोरियन कुटुंबे राहत होती. व्हिएतनाममधील युद्धानंतर देश सोडून आलेली कुटुंबेही होती. १९९५ च्या त्या पहाटे वृद्ध कोरियन लोकांच्या मनात ती जुनी भीती जागी झाली असेल, तर नवल नाही. पण कोबेत तसे घडले नाही. कोरियन, व्हिएतनामी आणि जपानी लोक एकाच मैदानात शेकोटीभोवती बसले आणि एकाच कढईतले गरम अन्न वाटून खाल्ले.

तरीही एक अडचण होतीच. ती म्हणजे भाषा. जपानी नीट न समजणाऱ्या लोकांना पाणी कोठे मिळेल, दवाखाना कोठे आहे, हे कळत नव्हते. म्हणून दोन आठवड्यांच्या आत नागातामध्ये कोरियन भाषेत एक छोटे रेडिओ केंद्र सुरू झाले. त्यानंतर व्हिएतनामी भाषेतही सुरू झाले. पुढे दोन्ही एकत्र आली आणि १९९६ पासून 'एफएम वायवाय' या नावाने अनेक भाषांतून कार्यक्रम होऊ लागले.

भाषेच्या अभ्यासकांनीही या अनुभवातून धडा घेतला. त्यांनी 'सोपी जपानी' तयार केली. 'हिनानजो' म्हणजे आश्रयस्थान हा शब्द परक्या माणसाला कठीण जातो. त्याऐवजी 'सगळे जण पळून जातात ती जागा' असे सांगायचे. मोठ्या भूकंपानंतरच्या लहान धक्क्यांना जपानीत 'योशिन' म्हणतात. त्याऐवजी 'नंतर येणारा भूकंप' असे म्हणायचे. मराठीतही असेच करता येईल. 'सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे' असे म्हटले, तर नुकतीच मराठी शिकू लागलेला माणूस गोंधळेल. 'लवकर मैदानात जा' असे म्हटले, तर तो वाचेल. संकटाच्या वेळी भाषा अवघड असून चालत नाही.

भूकंपानंतरच्या वर्षात जपानच्या कानाकोपऱ्यांतून १० लाखांहून अधिक स्वयंसेवक मदतीला आले. त्यांत विद्यार्थी फार होते. कोणी पाण्याच्या बादल्या वाहिल्या, कोणी म्हाताऱ्यांची विचारपूस केली. ३ लाखांहून अधिक लोक बेघर होऊन शाळांत आणि सभागृहांत राहत होते. वर्गखोल्या हीच त्यांची घरे झाली.

एका गोष्टीची मात्र गंमत वाटते. त्या वेळी कोबे आणि आवाजी बेट यांच्यामध्ये आकाशी सामुद्रधुनीवर एक झुलता पूल बांधला जात होता. त्याचे दोन्ही मनोरे उभे होते. भूकंपाने जमीनच सरकली आणि मनोऱ्यांमधील अंतर सुमारे १ मीटरने वाढले! इंजिनियरांनी आराखडा बदलला आणि काम चालू ठेवले. १९९८ साली पूल खुला झाला. मनोऱ्यांमधील त्याची लांबी १,९९१ मीटर आहे. २०२२ पर्यंत तो जगातील सर्वांत लांब झुलता पूल होता.

कोबे पुन्हा उभे राहिले. पण ते विसरले नाही. बंदरावरचा मोडलेला ६० मीटर धक्का आणि त्यावरचे कललेले दिवे मुद्दाम तसेच ठेवले आहेत. दर वर्षी १७ जानेवारीला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी लोक एका बागेत जमतात, दिवे लावतात आणि शांत उभे राहतात. भूकंपात घर गमावलेल्या एका प्राथमिक शिक्षकाने १९९५ मध्ये मुलांसाठी एक गाणे रचले. भूकंपानंतर जन्मलेली मुलेही ते आज शाळेत गातात.

मित्रांनो, सुरुवातीचा प्रश्न आठवा. कोबेतील उंच महामार्ग पडला. पण शेजार पडला नाही. भिंती नव्या बांधता येतात. शेजार मात्र रोज थोडा थोडा बांधावा लागतो. शेजाऱ्याचे नाव माहीत असणे, त्याच्या घरी म्हातारे कोण आहे ते ठाऊक असणे आणि त्याची भाषा चार शब्द तरी बोलता येणे, या त्याच्या विटा आहेत. तुम्ही हा पाठ मराठीतून वाचलात, तेव्हा त्यातली एक वीट तुम्ही आजच ठेवली आहे.

शब्दार्थ
उद्ध्वस्त करणे – पूर्ण नाश करणे.
सामुद्रधुनी – दोन भूभागांमधील समुद्राची अरुंद पट्टी.
निरपराध – ज्याने काही गुन्हा केलेला नाही असा.
स्वयंसेवक – मोबदला न घेता, स्वतःहून काम करणारा.
आश्रयस्थान – संकटात सुरक्षित राहण्याची जागा.
हातमिळवणी करणे – एकत्र येऊन काम करणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोबेचे बंदर परदेशी जहाजांसाठी कधी खुले झाले?
(आ) पोर्ट आयलंड कशापासून तयार केले?
२. कारणे द्या.
(अ) कोबेतील जुनी घरे भूकंपात कोसळली.
(आ) होकुदान गावात शोधाचे काम एका दिवसात पूर्ण झाले.
३. पुढील सूचना सोप्या मराठीत लिहा : 'विद्युत उपकरणे हाताळू नयेत.'
४. तुमच्या शेजारच्या एका कुटुंबाची माहिती विचारून आठ-दहा ओळी लिहा.