एकच सायकल, पण कोणती?

लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याखाली सायकली लावायला जागा आहे चौघांची आणि बिऱ्हाडे आहेत बत्तीस. त्यामुळे एका घरात दोन सायकली हा विचारच संभवत नाही. मला तर सायकल दोन कामांसाठी हवी होती. रोज कॉलेजला आणि शिकवणीला गिरगावपर्यंत जायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला उतरून अलिबागच्या बाजूच्या मातीच्या वाटा तुडवायच्या. शिवाय जूनपासून धाकटी बहीणही कॉलेजला जाणार, म्हणजे सायकल एक आणि स्वार दोन! आपल्यापैकी अनेकांची अडचण अशीच असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक भ्रम दूर करू. खडबडीत रस्त्यासाठी वेगळी सायकल लागते, हा समज अलीकडचा आहे. १९२३ साली आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून सायकलवर निघाले आणि हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परतले. वाटेत वाळवंटे लागली, डोंगर लागले; सायकली मात्र साध्याच होत्या. पुढे १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील काही हौशी तरुणांनी जाड टायरच्या जुन्या, जड सायकली डोंगरउतारावर पिटाळल्या आणि त्यातून आजची ‘माउंटन बाइक’ जन्मली. म्हणजे जादू नावात नसून टायर, गिअर आणि ब्रेक या तीन गोष्टींत आहे.

हे मला उशिरा कळले. शिकवण्यांचे पैसे साठवून मी पहिल्यांदा घेतली ती पुढे-मागे शॉकॲब्सॉर्बर असलेली, दिसायला झोकदार, जुनी सायकल. पायडल मारले की ती खाली-वर डुलायची. पायातला निम्मा जोर त्या स्प्रिंगाच खात आहेत असे वाटे. एका पावसाळ्यात स्प्रिंगा गंजल्या आणि साठवलेले पैसे पाण्यात गेले. स्वस्त शॉकॲब्सॉर्बर म्हणजे वजन आणि दुरुस्ती यांची भर. आपल्याला साधा, ताठ चिमटाच बरा. धक्के सोसायचे काम टायरकडे द्यावे.

आता टायर. शर्यतीच्या सायकलचे बारीक टायर गटाराच्या जाळीत अडकण्याची भीती. आजोबा गिरणीत सायकलने जात, तेव्हा त्यांना हीच धास्ती ट्रामच्या रुळांची असे. ट्राम १९६४ साली बंद झाली, पण उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेतच! उलट पन्नास-पंचावन्न मिलिमीटरचे खोल नक्षीचे टायर डांबरी रस्त्यावर घरघरतात आणि दमवतात. म्हणून मधला मार्ग : ४० ते ४५ मिलिमीटर रुंदी, मधोमध गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी. रस्त्यावर हवा थोडी जास्त भरावी, मातीत थोडी कमी करावी. टायर घेताना कडेवर छापलेला ‘४०-६२२’ असा आकडा वाचावा. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या मापाचा. जुन्या काळ्या सायकलचे २८ इंची टायर ६३५ मापाचे असते आणि नव्या ‘७०० सी’चे ६२२ मापाचे. बोलताना दोन्हींना ‘अठ्ठावीस’ म्हणतात, पण एकाचे टायर दुसरीला बसत नाही.

गिअरचे गणित सोपे आहे. समजा, पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीला हे ठीक. पण दादरच्या टिळक पुलावर पाठीशी दप्तर घेऊन चढताना जीव मेटाकुटीला येतो. तेच पुढे ३६ आणि मागे ३२ दाते असतील, तर एका फेऱ्यात अडीच मीटरच जाते, पण जोरही निम्म्याहून कमी लागतो. एकवीस गिअरची मिजास नको. पुढे एक चक्र आणि मागे सात-आठ एवढे पुरते.

ब्रेकच्या बाबतीत पावसाळा हाच परीक्षक. रिम ओली झाली की रबरी ब्रेक उशिरा लागतात. म्हणून परवडल्यास डिस्क ब्रेक घ्यावेत, पण तारेवर चालणारे. तेलावर चालणाऱ्यांची दुरुस्ती नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे सहसा होत नाही. हिंदमात्याला पाणी भरले असेल, तर सायकल त्यात घालूच नये. पाणी हबमध्ये शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि महिनाभराने बेअरिंग कुरकुरू लागते. मांडव्याहून आल्यावर मात्र खारी वाळू धुऊन, चेन पुसून तेल द्यावे. मडगार्ड आणि कॅरियर यांची भोके फ्रेमला आहेत ना, हेही पाहून घ्यावे.

राहिली फ्रेम. पोलादी फ्रेम थोडी जड असते, पण वेल्डिंग करून घेता येते. सायकल तिसऱ्या मजल्यावर न्यायची असेल, तर दुकानातच एका हाताने उचलून पाहावी. आणि दोघांत एक सायकल असेल, तर माप बुटक्या माणसाचे घ्यावे. उंच माणसासाठी सीट वर करता येते (दांडीवरच्या खुणेपर्यंतच), पण उंच फ्रेम बुटक्यासाठी खाली करता येत नाही.

या हिशेबाने मी दुसरी सायकल घेतली ती बहिणीच्या मापाची. ती पाहून आजोबा म्हणाले, “यात नवीन काय? ही तर माझीच सायकल, फक्त गिअर लावलेली!” मला वाटते, निवड बरोबर झाल्याची याहून चांगली पावती मिळणार नाही.