बुलढाण्यावरून जाणारी दहा मिनिटे

शुक्रवार, ४ जुलै २०२५. दुपारचे पावणेचार वाजत आले होते. बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात शाळकरी मुले एका आवाजाची वाट पाहत होती. तो आवाज होता ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचा. अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेतून ते २६ जूनला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात पोहोचले होते. या भेटीसाठी ना व्हिडिओ कॉल होता, ना मोबाइल. साधन होते हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओचालक वापरतात ते. चारच दिवसांनी, ८ जुलैला, शिलाँगजवळच्या ईशान्य अंतराळ उपयोजन केंद्रात मेघालय आणि आसामच्या मुलांनाही हीच संधी मिळाली.

अशा प्रत्येक संभाषणाची सुरुवात ठरलेली असते. जमिनीवरचा रेडिओचालक अंतराळस्थानकाचे संकेतनाम पुकारतो: ‘एनए-१-एसएस’. उत्तरादाखल नुसती खरखर. पुन्हा पुकारा, पुन्हा खरखर. मग त्या खरखरीतून एक माणूस बोलू लागतो आणि सभागृहातला गलबला एकदम थांबतो. मुले आधीच रांगेत उभी असतात. एकाने प्रश्न विचारायचा, शेवटी ‘ओव्हर’ म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. ‘ओव्हर’ हा काही सिनेमातला रुबाब नव्हे. या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. आपले संपले हे सांगितले नाही, तर वरचा माणूस गप्प बसून राहतो आणि मोलाचे सेकंद वाया जातात.

मोलाचे अशासाठी, की सगळा कारभार दहा मिनिटांत आटोपतो. अंतराळस्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. बुलढाण्याहून मुंबई सरळ रेषेत जवळपास तेवढीच दूर आहे. म्हणजे स्थानक डोक्यावर असते तेव्हा ते बुलढाणेकरांना मुंबईइतकेच जवळ असते. पण त्याचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त. बुलढाणा ते मुंबई हे अंतर त्याला मिनिटभरही पुरत नाही. एका क्षितिजावर उगवून दुसऱ्या क्षितिजाआड जाईपर्यंत त्याला जेमतेम दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्यातच बोलून घ्यायचे असते. सराव चांगला असेल तर पंधरा-वीस प्रश्न होतात. एखादे मूल अडखळले तर दोन-तीन कमी.

आता बुलढाण्याचा संबंध. चारशे किलोमीटरवरून पाहिले तर क्षितिज चहूबाजूंना दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर असते. बेंगळुरू ते बुलढाणा सरळ अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे स्थानक बेंगळुरूच्या डोक्यावर असते, तेव्हा घाटावरचे चिखली-मेहकर आणि घाटाखालचे मलकापूर-शेगावही त्याच्या नजरेच्या टप्प्यात असतात. ज्या १४५.८०० मेगाहर्ट्झवर अंतराळवीराचा आवाज खाली येतो, त्या लहरींना महानगर आणि तालुका यांतला फरक कळत नाही. त्या कापसाच्या शेतावर पडतात तशाच संशोधन केंद्राच्या छतावरही. खाली त्या पकडणारे कोणी आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

या लहरी वरून इथवर पोहोचतात तरी कशा? लघुलहरींवरची जुनी रेडिओ केंद्रे ऐकणाऱ्यांना माहीत असेल, की त्या लहरी वातावरणातल्या आयनांबराला आपटून परत जमिनीकडे वळतात. म्हणून परदेशातले केंद्र घरबसल्या लागायचे. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र त्या थरातून आरपार जातात. मधे डोंगर किंवा इमारत नसेल, तर स्थानकापासून थेट अँटेनापर्यंत. वरच्या रेडिओची ताकद दोन-तीन एलईडी बल्ब जेवढी वीज खातात त्याहून फारशी जास्त नसते, तरी तेवढी पुरते. क्षितिजावर असताना स्थानक डोक्यावरच्यापेक्षा साडेपाच पट दूर असते आणि आवाज सुमारे तीसपट क्षीण. म्हणून पहिली काही वाक्ये खरखरीत बुडतात आणि मधली चार-पाच मिनिटे शेजारच्या खोलीतून बोलावे इतकी स्वच्छ येतात.

आणखी एक गंमत शेगाव किंवा मलकापूर स्टेशनच्या फलाटावर कोणीही अनुभवू शकतो. न थांबणारी गाडी शिट्टी वाजवत येते तेव्हा स्वर चढा असतो आणि पुढे निघून गेली की तो उतरतो. स्थानकाच्या लहरींचेही तसेच होते. येताना त्या साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकलेल्या असतात, जाताना तेवढ्याच खाली. चालकाला हे भान ठेवून रेडिओची कळ फिरवत राहावी लागते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला डॉप्लर परिणाम इथे बोटांना कळतो.

अंतराळात हा रेडिओ पहिल्यांदा नेला तो ओवेन गॅरियट या अमेरिकी अंतराळवीराने. १९८३ च्या अखेरीस कोलंबिया यानातून जाताना त्यांनी हातात मावेल असा एक संच बरोबर घेतला, अँटेना खिडकीला लावला आणि फावल्या वेळात पृथ्वीवरच्या हौशी चालकांशी बोलणे सुरू केले. त्यांत जॉर्डनचे राजे हुसेनही होते. अंतराळस्थानकात पहिला मुक्कामी चमू नोव्हेंबर २००० मध्ये पोहोचला आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला बिल शेपर्ड यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील बर्बँक शाळेच्या मुलांशी पहिले शालेय संभाषण केले. तेव्हापासून जगभर अशी दीड हजारांहून अधिक संभाषणे झाली आहेत. हे काम ‘एरिस’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमातून चालते. कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स या दोघींकडेही हॅम परवाना होता.

पण या यंत्राची जी बाजू फारशी सांगितली जात नाही, ती आरोग्याची. सोव्हिएत रशियाच्या मीर स्थानकावर १९८८ मध्ये हौशी रेडिओ बसवला गेला, तो मुख्यतः अंतराळवीरांच्या मनाला विरंगुळा म्हणून. नियंत्रण कक्षाशी बोलणे म्हणजे कामाचे बोलणे. इथे मात्र कोणा अनोळखी माणसाशी हवापाण्यावर गप्पा मारता येत. सर्गेई क्रिकाल्योव्ह मे १९९१ मध्ये मीरवर गेले आणि ते वर असतानाच ज्या देशाने त्यांना पाठवले तो देशच संपला. ते ३११ दिवसांनी, मार्च १९९२ मध्ये परतले. त्या काळात ऑस्ट्रेलियातील एका हॅम महिलेशी त्यांचे रेडिओवर नियमित बोलणे होई. खाली काय चालले आहे हे त्यांना कळण्याचा तोही एक मार्ग होता. मानवी अंतराळप्रवासाचे जे पाच मोठे धोके नासा मानते, त्यांत किरणोत्साराच्या बरोबरीने एकटेपणा आणि कोंडलेपण यांचाही समावेश आहे. तेव्हा मुले अंतराळवीराशी बोलतात यात उपकार एकाच बाजूने होतो असे समजू नये.

मुलांचे प्रश्नही बहुधा शरीराभोवतीच फिरतात. झोपता कसे? खाता काय? आजारी पडलात तर? शुक्ला यांनी विद्यार्थ्यांशी बोलताना सांगितले होते, की तिथे जमीन आणि छत असे काही नसतेच. कोणी भिंतीवर झोपतो, कोणी छतावर, आणि झोपेत तरंगत भलतीकडे जाऊ नये म्हणून स्वतःला बांधून घ्यावे लागते. गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस त्यांनी बरोबर नेला होता. हे ऐकून मुले हसतात, पण पुढचा मुद्दा गंभीर आहे. वजन पेलायचे नसल्याने तिथे हाडे झिजू लागतात. व्यायाम किंवा अन्य उपाय केले नाहीत, तर कंबर आणि पायांच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. घरातल्या आजीची हाडे वर्षभरात जेवढी झिजतात, तेवढी तिथे महिन्यात. म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम सक्तीचा. शुक्ला यांच्या कामांत स्नायूंच्या झिजेवरचा एक भारतीय प्रयोग होता आणि मूग-मेथीला मोड आणण्याचाही. आजीच्या गुडघेदुखीपासून अंतराळस्थानकापर्यंत जाणारा हा धागा सातवी-आठवीतल्या मुलाला सहज समजतो. फक्त तो कोणीतरी जोडून द्यावा लागतो.

ग्रामीण शाळेला हे जमेल का? दोन वाटा आहेत. पहिली थेट: शाळेच्या गच्चीवर अँटेना आणि स्थानकाच्या मागे तो फिरवणारी मोटर, बरोबर अनुभवी हॅम चालक. दुसरी वाट सोपी. ऑस्ट्रेलिया, इटली, अमेरिका अशा देशांतले एखादे हॅम केंद्र स्थानकाशी संपर्क साधते आणि आवाज फोन किंवा इंटरनेटवरून शाळेत आणला जातो. याला टेलिब्रिज म्हणतात. इथे शाळेकडे रेडिओ नसला तरी चालतो, लाइन मात्र पक्की हवी. अंतराळवीराच्या वेळेचे शुल्क नसते. अर्जात मागितली जाते ती शिक्षणाची आखणी: आधी काय शिकवणार, नंतर काय करणार. अर्जानंतर अनेक महिने वाट पाहावी लागते. नेमकी वेळ अगदी शेवटी ठरते, कारण स्थानकाची कक्षा आणि वरच्यांचे वेळापत्रक दोन्ही सरकत असतात. परीक्षेच्या तोंडावर तारीख आली तर काय, हे मुख्याध्यापकांनी आधीच ठरवलेले बरे.

बोलण्याआधी ऐकण्याची एक स्वस्त पायरी आहे आणि बहुतेक शाळांनी तिथूनच सुरुवात करावी. दूरदर्शनच्या जमान्यात गच्चीवर जो काड्यांचा अँटेना असे, त्याला यागी म्हणतात. तोच प्रकार पीव्हीसी पाइप आणि सुताराच्या पोलादी मोजपट्टीचे तीन तुकडे घेऊन तासाभरात होतो. या लहरींची लांबी दोन मीटरच्या आसपास, म्हणून प्रत्येक तुकडा सुमारे मीटरभराचा. तो हातात धरून स्थानकाच्या दिशेने वळवत राहायचे. जागा मात्र मोकळी हवी. लोणारला प्रयोग करायचा तर विवराच्या काठावर करावा. तळाशी सरोवराजवळ उभे राहिले, तर कडा सगळ्या बाजूंनी क्षितिज झाकतात आणि दहापैकी तीन-चार मिनिटे तिथेच बुडतात.

संभाषण नसते तेव्हाही कधी कधी ऐकण्यासारखे असते. गागारिनच्या उड्डाणदिनासारख्या निमित्तांनी स्थानकावरून याच १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रे पाठवली जातात. कानाला ती शिट्ट्या आणि किरकिरीसारखी लागतात. मोबाइलवर ‘रोबोट३६’ हे अ‍ॅप उघडून फोन रेडिओच्या स्पीकरजवळ धरला, की ओळीमागून ओळ उमटत दोनेक मिनिटांत चित्र पूर्ण होते. एका फेरीत दोन चित्रे मिळाली तरी वर्ग खूश असतो.

उलट दिशेने बोलायचे असेल, म्हणजे प्रक्षेपण करायचे असेल, तर परवाना हवाच. त्याशिवाय बटण दाबणे गुन्हा आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही देता येते. प्राथमिक श्रेणीला मोर्सची अट नाही. प्रश्न येतात ते विजेच्या मूलतत्त्वांवर आणि नियमांवर. हा परवाना केवळ हौसेचा नाही. २००४ च्या त्सुनामीत अंदमानची दूरध्वनी सेवा कोलमडली, तेव्हा पोर्ट ब्लेअरला आधीच गेलेल्या हॅम चालकांनी मुख्य भूमीशी संपर्क राखला होता.

मुदत मात्र आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक म्हातारे झाले आहे. २०३० नंतर ते कक्षेतून उतरवून समुद्रात पाडण्याची नासाची योजना असून, त्यासाठीच्या यानाचे कंत्राट जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिले गेले. आज पाचवीत असलेले मूल दहावीला पोहोचेल तोवर या स्थानकाचे दिवस भरत आलेले असतील. अर्जाला लागणारा वेळ धरला, तर हाताशी फार वर्षे उरत नाहीत.

रांगेत उभे राहायची वेळ आलीच, तर प्रश्न कोणता विचारावा? ज्याचे उत्तर पुस्तकात सापडते तो नको. लोणारच्या मुलांकडे एक तयार आहे. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये घडलेले त्यांचे विवर १.८ किलोमीटर रुंद आहे. चारशे किलोमीटरवरून ते केवढे दिसेल याचा हिशेब नववीच्या गणितात बसतो: अंदाजे पाव अंश, म्हणजे आपल्याला पौर्णिमेचा चंद्र जेवढा दिसतो त्याच्या निम्म्या रुंदीचे. ढग नसतील आणि कुठे पाहायचे हे ठाऊक असेल, तर नुसत्या डोळ्यांना दिसायला हरकत नाही. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले होते, तसा रंग वरून ओळखू येईल का, हा पुढचा प्रश्न. दोन्ही मिळून पंधरा सेकंद. ओव्हर.