काच खाली जाते, वर येत नाही

जुलै महिन्यातली गोष्ट. आम्ही मोटारीने कराडहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटात धुके दाटले होते. डावीकडची काच खाली घेऊन एका वाटसरूला पुढच्या रस्त्याची चौकशी केली. बटण दाबताच काच सुरळीत खाली गेली, पण काही केल्या वर येईना. उरलेला घाट आम्ही दारात छत्री आडवी धरून उतरलो.

चिपळुणात एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मेकॅनिकने दाराच्या आतले आवरण काढले, मोटरीचा प्लग सोडवला, प्लगमध्ये मल्टिमीटरच्या पिना घातल्या आणि काच वर घ्यायचे बटण दाबायला सांगितले. मीटरवर १२.२ व्होल्ट आले. "सर, करंट पूर्ण येतोय. मोटर गेली," त्याने निदान केले. मग खाली कशी जाते, असे विचारल्यावर तो म्हणाला, "खाली जाताना काचेचे वजन मदतीला असते. वर चढवायला जोर लागतो, तो हिच्यात उरला नाही."

दोन्ही मुद्दे बिनतोड वाटत होते. नवी मोटर घ्यायची म्हणजे काही हजारांचा खर्च होता, आणि दोष दुसरीकडेच असला तर एवढे करूनही काच वर आली नसती. म्हणून मोटर मागवण्यापूर्वी आम्ही एक तास मागून घेतला. त्या तासात जे केले ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापलीकडचे नव्हते.

मोटर एक, तारा दोन

दारातली ही मोटर एकदिश प्रवाहावर चालणारी, कायम चुंबकाची साधी मोटर असते. तिच्या दोन तारांना आपण 'अ' आणि 'ब' म्हणू. 'अ' बॅटरीच्या धन टोकाला आणि 'ब' अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या पत्र्यामार्फत ऋण टोकाला जोडली की मोटर एका दिशेने फिरते आणि काच वर जाते. जोडणी उलटी केली की मोटर उलटी फिरते आणि काच खाली येते. खेळण्यातल्या मोटरीला सेल उलटा लावला की हेच घडते.

स्विचचे काम एवढेच, की कधी 'अ' ला तर कधी 'ब' ला धन टोक द्यायचे. बटण दाबलेले नसताना दोन्ही तारा अर्थिंगवर टेकून असतात. 'वर' दाबले की 'अ' अर्थिंग सोडून धनावर जाते, 'ब' आहे तिथेच राहते. 'खाली' दाबले की 'ब' धनावर जाते, 'अ' जागेवर राहते.

डावी काच मात्र दोन ठिकाणांहून हलवता येते. एक स्विच डाव्या दारावर असतो, दुसरा चालकाच्या हाताशी. इथे खरी गंमत आहे. आमच्या गाडीत डाव्या स्विचला स्वतःचे अर्थिंग नव्हते. पुष्कळ गाड्यांत अशीच जोडणी असते. डाव्या स्विचपासून 'अ' आणि 'ब' या दोन्ही तारा पुढे चालकाच्या मुख्य स्विचपर्यंत जातात आणि तिथे अर्थिंगला टेकतात. म्हणजे डाव्या दारात बसलेल्या माणसाने 'वर' दाबले, तर विद्युतधारा डाव्या स्विचमधून मोटरीत जाते, 'ब' मधून पुन्हा डाव्या स्विचमध्ये येते, तिथून गाडीची रुंदी ओलांडून चालकाच्या दारात जाते आणि मुख्य स्विचच्या एका चिमुकल्या पत्तीतून अर्थिंगला पोचते. डाव्या दाराची तक्रार उजव्या दारात उगम पावू शकते, ती यामुळेच.

चार प्रश्न

एवढे कळले की हत्याराला हात न लावता दोषाचा माग काढता येतो. डाव्या स्विचने काच वर जाते का? खाली जाते का? मुख्य स्विचने वर जाते का? खाली जाते का? प्रत्येकाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही'. चार उत्तरे मिळून एक नमुना तयार होतो, आणि प्रत्येक दोषाचा नमुना ठरलेला असतो. वाचकांनी कागदावर आकृती काढून पडताळा घ्यावा.

चारही उत्तरे 'नाही' आली तर दोष चौघांना सामाईक असलेल्या भागात असतो : मोटर, तिचा प्लग किंवा तिच्या अगदी जवळच्या तारा. बाकीच्या काचाही हलत नसतील तर आधी फ्यूज पाहावा.

मुख्य स्विचने दोन्ही होते, डाव्याने काहीच होत नाही : डाव्या स्विचला येणारी धन तार संशयित. पण त्याआधी चालकाने 'लॉक'चे बटण दाबून ठेवले नाही ना, हे पाहावे. मुलांनी काचेशी खेळू नये म्हणून ते बटण बाकीच्या स्विचांचा पुरवठा तोडते.

डाव्या स्विचने खाली जाते पण वर येत नाही, आणि मुख्य स्विचने दोन्ही होत नाही : दोन स्विचांना जोडणारी 'ब' तार तुटली असण्याचा संभव मोठा. डाव्या स्विचमध्ये 'ब' जिथे टेकते ती पत्ती खराब असली तरी हाच नमुना मिळतो. दार आणि खांब यांच्यामध्ये रबरी नळी असते, तिच्यातून या तारा जातात. दार उघडताना आणि मिटताना त्या दर वेळी वाकतात. एकाच जागी वाकवून आपण हाताने तार तोडतो, तशीच ती तिथे तुटते.

दोन्ही स्विचांनी खाली जाते, पण एकानेही वर येत नाही : मुख्य स्विचमध्ये 'ब' जिथे अर्थिंगला टेकते ती पत्ती संशयित. काच कोणीही वर घेवो, धारेची परतीची वाट त्या पत्तीवरूनच जाते. खाली घेताना मात्र ती वाट लागतच नाही.

आमचा नमुना हा शेवटचा होता. पण इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. मेकॅनिकचे 'मोटरीत जोर नाही' हे म्हणणे खरे असते, तरी हाच नमुना मिळाला असता. रबरी खाचेत काच अडकत असती, तरीही हाच. दोन कल्पना एकाच निरीक्षणाचा उलगडा करत असतील तर त्यांना वेगळे पाडणारा प्रयोग शोधावा लागतो. आम्ही मोटरीचा प्लग सोडवलेला ठेवला, मध्ये फ्यूज घातलेल्या दोन तारा बॅटरीपासून थेट मोटरीला लावल्या. काच झरझर वर गेली. मोटर निर्दोष ठरली आणि काचेची खाचही.

मग १२ व्होल्ट कसे दाखवले?

मेकॅनिकने खूण म्हणून धरलेले १२.२ व्होल्ट खोटे होते का? नाही. मीटरने बरोबर तेच दाखवले, पण आपण विचारलेला प्रश्न अपुरा होता.

गच्चीवरच्या टाकीपासून येणारा पाइप गाळाने जवळजवळ बुजला आहे असे समजा. नळ बंद असताना नळाशी पाण्याचा दाब पूर्ण असतो. नळ उघडला की करंगळीएवढी धार येते. बंद नळाशी मोजलेला दाब पाइपच्या स्थितीविषयी काहीच सांगत नाही, कारण पाणी वाहतच नाही.

डिजिटल मीटरचा रोध साधारणपणे १ कोटी ओहम असतो. प्लग मोटरीपासून सोडवून मीटर लावला, तर परिपथातून सुमारे १.२ मायक्रोअँपिअर इतकीच धारा वाहते. वाटेत खराब पत्तीचा १० ओहम रोध असला तरी ओहमच्या नियमाप्रमाणे तिथे जेमतेम १२ मायक्रोव्होल्ट खर्च होतात. बाकी सगळे व्होल्ट मीटरवर दिसतात. मोटरीला मात्र मायक्रोअँपिअर नव्हे, चांगले पाच-सहा अँपिअर हवे असतात.

म्हणून आम्ही प्लग पुन्हा लावला, 'वर'चे बटण दाबून धरले आणि धारा वाहत असताना प्लगच्या मागून मीटरच्या पिना टेकवून मोजमाप केले. बॅटरीच्या धन टोकापासून मोटरीपर्यंत ०.१ व्होल्ट. मोटरीच्या दोन टोकांमध्ये ०.७ व्होल्ट. मोटरीपासून अर्थिंगपर्यंत ११.४ व्होल्ट. तिन्हींची बेरीज १२.२, म्हणजे बरोबर बॅटरीइतकी. किरखॉफने १८४५ साली मांडलेला नियम हेच सांगतो : परिपथात एक पूर्ण फेरी मारली की हिशेब चुकता झाला पाहिजे. हिशेब जुळला आणि चोरही सापडला. मोटरीच्या वाट्याचे व्होल्ट परतीच्या वाटेवर कुठेतरी खर्च होत होते.

आता त्या वाटेवर एकेक टप्पा पुढे सरकायचे. मुख्य स्विचच्या प्लगमध्ये शिरणाऱ्या 'ब' तारेवर ११.४ व्होल्ट मिळाले, म्हणजे तिथपर्यंतची तार चांगली. त्याच स्विचच्या अर्थिंगच्या पिनेवर जवळजवळ शून्य, म्हणजे पुढची वाटही चांगली. सगळी घट स्विचच्या पोटातच होती. स्विच उघडला, तर पत्तीच्या टोकावर काळी पुटे चढलेली होती. टोलनाक्यावर, पावसात, चालकाची काच सतत खालीवर होते, आणि पाणी व धूळ याच स्विचवर पडते. त्यात स्विच सुटताना उडणाऱ्या ठिणग्यांची भर. घरातल्या ५० हर्ट्झच्या प्रवाहात धारा सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीच्या एकदिश प्रवाहात ही सोय नाही.

बारीक पॉलिश पेपरने पत्ती घासली, स्विच बसवला, काच वर आली. परतीच्या वाटेवरची घट आता ०.२ व्होल्ट होती. घासलेली पत्ती फार दिवस टिकत नाही, म्हणून पुढे स्विच बदलला. मोटर तीच आहे.

काच हळू का चढते?

काच बंद पडण्याच्या पुष्कळ आधी सूचना देत असते. समजा, मोटरीच्या वेटोळ्याचा रोध ०.६ ओहम आहे आणि काच वर घ्यायला ६ अँपिअर लागतात. वेटोळ्यात ३.६ व्होल्ट खर्च होतात. १२ पैकी उरलेले ८.४ व्होल्ट म्हणजे फिरणाऱ्या मोटरीत तयार होणारा विरोधी दाब. तो मोटरीच्या वेगाच्या प्रमाणात असतो. आता वाटेत १ ओहमचा खराब सांधा आला. काच तीच, घर्षण तेच, म्हणून धारा ६ अँपिअरच राहते. सांध्यावर ६ व्होल्ट गेले, वेटोळ्यात ३.६ गेले, वेगासाठी उरले फक्त २.४. पूर्वी ४ सेकंदांत चढणारी काच आता १४ सेकंद घेते! आणि त्या सांध्यात ६ × ६ × १ = ३६ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगच्या हत्यारात साधारण इतकीच असते. प्लगचे प्लॅस्टिक वितळलेले आढळते ते यामुळे.

वर्गात करून पाहा

जिन्याच्या दिव्यासाठी वापरतात ते टू-वे स्विच चार, खेळण्यातली मोटर एक, सेल दोन. दोन स्विच 'डावे', दोन 'मुख्य'. डाव्या स्विचांची मधली टोके मोटरीला जोडा. त्यांचे एक बाजूचे टोक सेलच्या धनाला आणि दुसरे मुख्य स्विचाच्या मधल्या टोकाला जोडा. मुख्य स्विचांचे एक टोक धनाला, दुसरे ऋणाला. हे स्विच आपोआप मागे येत नाहीत, म्हणून प्रत्येक चाचणीनंतर ते मूळ जागी आणायला विसरू नका. ही जोडणी बरोबर असेल तर कोणतेही स्विच कसेही दाबले तरी सेल शॉर्ट होत नाही. मग शिक्षकांनी गुपचूप एखाद्या तारेत १०० ओहमचा रोध घालावा आणि मुलांना चार प्रश्नांवरून तो शोधायला सांगावे. मोटर सोडवून आणि मोटर जोडून अशी दोन्ही मोजमापे जरूर करून घ्यावीत.

खऱ्या गाडीत मात्र काळजी हवी. चाचणी करताना कोणाचाही हात, विशेषतः लहान मुलाची मान, काचेच्या वाटेत नको. मोटरीच्या दंतचक्रांची रचना अशी असते की काच हाताने सहज खाली ढकलता येत नाही, म्हणून अडकलेले मूल स्वतःला सोडवू शकत नाही. अडथळा लागताच मागे फिरणाऱ्या काचा अनेक नव्या गाड्यांत असतात, पण सगळ्यांत नाहीत. मुलांना गाडीत एकटे सोडू नये आणि किल्ली आत ठेवू नये. शिवाय नव्या गाड्यांत स्विच केवळ संदेश देतो आणि मोटरीला वीज देण्याचे काम दारातली इलेक्ट्रॉनिक पेटी करते. तिथे वरचे नमुने जसेच्या तसे लागू पडत नाहीत. धारा वाहत असतानाच मोजायचे, हा नियम मात्र मोटर आणि तिच्या तारांना तिथेही लागू आहे.

आता एक प्रश्न विद्यार्थ्यांसाठी. डाव्या दारातल्या मुलाने 'वर' दाबून धरले आहे आणि त्याच वेळी वडिलांनी मुख्य स्विचवर 'खाली' दाबले. काच कोणाचे ऐकेल? आधी आकृतीवर उत्तर काढा, मग चार स्विच जोडून पाहा.