एरंड : पानासाठी लावण्याचे झाड

लंडनच्या दक्षिण भागात, थेम्स नदीच्या काठी, बॅटरसी पार्क ही सार्वजनिक बाग १८५८ साली लोकांसाठी खुली झाली. तिचा अधीक्षक जॉन गिब्सन हा चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन यांच्या हाताखाली तयार झालेला माळी. डेव्हनशरच्या ड्यूकने १८३५ साली त्याला वनस्पती गोळा करण्यासाठी भारतात धाडले होते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात नॅथॅनिएल वॉलिच यांचे साहाय्य घेऊन आणि खासी टेकड्या पालथ्या घालून त्याने ऑर्किडचा मोठा संग्रह जमवला आणि १८३७ साली तो मायदेशी परतला. उष्ण प्रदेशातली झाडे कशी वाढतात हे स्वतः पाहिलेल्या या माणसाने १८६०च्या दशकाच्या पूर्वार्धात बॅटरसीत एक नवाच प्रयोग केला. वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी त्याने फक्त भव्य पानांच्या झाडांची बाग मांडली. त्यात केळी होत्या, कर्दळी होत्या आणि त्यांच्या बरोबरीने एरंडही होता. आपल्याकडे उकिरड्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, पडीक बांधावर कुणी न लावता उगवणारे हे झाड तिथे मानाच्या जागी उभे होते.

ही लहर नव्हती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये बागा म्हणजे लाल जिरेनियम, पिवळी कॅल्सिओलारिया आणि निळी लोबेलिया यांचे जमिनीलगतचे सपाट गालिचे. रंग भरपूर, पण उंची नाही, सावली नाही, आकार नाही. या पद्धतीवर कडाडून टीका करणारे विल्यम रॉबिन्सन यांनी १८७१ साली गिब्सनच्या धाटणीच्या उपोष्ण बागेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले आणि फुलबागेत आकाराच्या सौंदर्याला जागा हवी असा आग्रह त्यात धरला. एरंड या कसोटीला पुरेपूर उतरतो. थंडीच्या पहिल्या कडाक्यात तो तिथे मरतो, म्हणून दरवर्षी वसंतात काचघरात बी पेरायचे आणि गोठणाऱ्या दहिवराचा धोका टळला की रोप बाहेर लावायचे. तरीही एका उन्हाळ्यात तो माणसाच्या डोक्याच्या वर जातो. हा धागा पुढे तुटलेला नाही. इंग्रज बागवान ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९३ साली ग्रेट डिक्स्टर येथील जुनी गुलाबबाग उखडून तिथे उष्ण प्रदेशाच्या धाटणीची बाग केली, तेव्हा तिच्यातही एरंडाच्या लालसर पानांना स्थान मिळाले.

आपल्या भाषेत एरंडाच्या वाट्याला फारसा मान आलेला नाही. निष्फळ चर्चेला आपण एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतो आणि जिथे दुसरी झाडे नाहीत तिथे एरंडही वृक्ष ठरतो हे संस्कृत वचन कमी कुवतीच्या माणसाला हिणवण्यासाठी वापरतो. होळीच्या मधोमध उभा करायला एरंड चालतो, एरंडेल घरात लागते, पण अंगणात मुद्दाम लावायला तो कुणाला सुचत नाही. एकदा पूर्वग्रह बाजूला ठेवून त्याचे पान पाहावे. पाचापासून अकरापर्यंत टोकदार खंडांत विभागलेले, दातेरी कडांचे, हाताच्या पंजासारखे पसरलेले हे पान चांगल्या जमिनीत दोन फूट रुंद होते. देठ त्याला मध्याजवळ जोडलेला असतो, त्यामुळे पान छत्रीसारखे आडवे तोलले जाते. कोवळे पान काही वाणांत तांब्याच्या रंगाचे, काहींत गर्द जांभळे. खोड हिरवे किंवा लाल असते आणि त्यावर अनेकदा पांढुरक्या मेणाची भुकटी असते. युरोपातल्या बियाणे विक्रेत्यांकडे ‘कार्मेन्सिता’, ‘गिब्सोनी’, ‘झांझिबारेन्सिस’ अशा नावांनी यातलीच निवडक रूपे मिळतात. जूनमध्ये पेरलेला एरंड आपल्या पावसात दिवाळीपर्यंत कुंपण झाकून टाकतो. इतक्या कमी पाण्यात आणि इतक्या कमी खर्चात असा डौल देणारे दुसरे झाड शोधून सापडणे कठीण.

आता मुख्य आक्षेप. एरंडाच्या बीमध्ये रायसिन हे अत्यंत जहाल विष असते. पीटर हर्मान स्टिलमार्क यांनी १८८८ साली डोर्पात विद्यापीठात ते वेगळे काढले. हे प्रथिन पेशीत शिरून रायबोसोम निकामी करते; त्याचा एकच रेणू मिनिटाला हजाराहून अधिक रायबोसोम बंद पाडतो आणि पेशीतली प्रथिननिर्मिती थांबते. त्यावर उतारा नाही, उलट्या-जुलाबांनी खालावलेल्या रुग्णाला सलाईन देऊन सांभाळणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. १९७८ साली लंडनमध्ये बल्गेरियन लेखक गेऑर्गी मार्कोव यांचा खून याच विषाने झाला आणि रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या अनुसूचीत रायसिनचे नाव आहे. हे सगळे खरे आहे, आणि त्यातले काहीही सौम्य करून सांगण्याची माझी इच्छा नाही. अखंड गिळलेले बी टणक कवचामुळे पुष्कळदा तसेच बाहेर पडते, पण चावलेले बी घातक ठरते, आणि लहान मूल बी चावणार नाही असे कोण सांगणार? शिवाय ते ठिपक्यांचे चकचकीत बी मण्यासारखे सुंदर दिसते.

पण विष कुठे आहे, हेही तितक्याच नेमकेपणाने पाहिले पाहिजे. प्राणघातक रायसिन मुख्यतः बीमध्ये साठते. तेलात ते उतरत नाही, कारण ते पाण्यात विरघळणारे आहे. म्हणून एरंडेल औषधी आणि मागे राहिलेली पेंड विषारी. पानांतही रिसिनिन नावाचे अल्कलॉइड असते, त्यामुळे गुरांनी ती भरपूर खाणे बरे नव्हे, पण ते विष रायसिनच्या तुलनेत फार सौम्य आहे. म्हणजे ज्यासाठी हे झाड बागेत हवे ते पान, आणि ज्यामुळे ते नको वाटते ते बी, हे दोन वेगळे अवयव आहेत. माझे सगळे म्हणणे यावर उभे आहे. एरंड बागेत असावा, पण त्याला फळ धरू देऊ नये. तुरा खोडाच्या शेंड्यावर येतो, कळ्यांचा कोंब म्हणून आधी स्पष्ट दिसतो, आणि तो खुडला की खालच्या पेऱ्यांतून दोन-तीन फांद्या फुटतात. खुडण्याने झाडाचे नुकसान होत नाही, उलट ते अधिक भरते.

या एका खुडणीने इतर दोन आक्षेपांचेही मूळ छाटले जाते. एरंडाचे परागीभवन वाऱ्याने होते, तुऱ्याच्या खालच्या भागातली नरफुले विपुल पराग सोडतात आणि भारतात या परागाची ॲलर्जी असलेले रुग्ण आढळतात. कळी उमलण्याआधीच तुरा काढला तर पराग हवेत जातच नाही. दुसरा आक्षेप पसरण्याचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. बोंड वाळले की तडकून बी दूर उडते, बीच्या टोकाशी असलेल्या मांसल गाठीसाठी मुंग्या ते आणखी वाहून नेतात. कॅलिफोर्निया, हवाई आणि ऑस्ट्रेलियात नदीकाठ एरंडाने व्यापले आहेत. आपल्याला तर याचे कटू अनुभव आहेत. घाणेरी आणि जलपर्णी या दोन्ही वनस्पती शोभेच्या म्हणूनच या देशात आल्या. एरंड मूळचा पूर्व आफ्रिकेतला असला तरी भारतात फार जुना आहे, हा बचाव मी पुढे करणार नाही, कारण जुनेपणाने उपद्रव कमी होत नाही. बीच तयार झाले नाही तर पसरणार काय, एवढेच उत्तर पुरेसे आहे.

यावर जाणकार बागवान म्हणेल की ‘कार्मेन्सिता’ची खरी शोभा तिच्या लालभडक काटेरी बोंडांत आहे, ती खुडायची तर तो वाण लावायचा कशाला? मला हा मोह समजतो. पण सार्वजनिक बागेत किंवा लहान मुले असलेल्या घरात त्या बोंडांवर पाणी सोडावे, आणि लाल रंग कोवळ्या पानांकडून घ्यावा. खुडण्याचे काम पंधरवड्याला एकदा तरी करावे लागते, हेही मान्य. जिथे ते नियमाने करणारा माणूस नाही, तिथे एरंड लावू नये. शाळेचे आवार, मुलांचे खेळण्याचे मैदान, मोकाट गुरांची वाट या जागा सरळ वगळाव्यात. बीचे पाकीट आणले तर सगळे पेरून टाकावे, उरलेले बी कपाटात ठेवू नये.

मात्र ही सावधगिरी एकट्या एरंडाच्या वाट्याला का? आपल्या दारात कण्हेर असते, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी असते, देवाला त्यांची फुले वाहतो. दोन्हींत हृदय बंद पाडणारी विषे आहेत आणि ती पानापासून बीपर्यंत सगळ्या झाडात आहेत. तिथे धोक्याचा अवयव वेगळा काढण्याची सोयच नाही. महाराष्ट्रात मुलांनी बिया खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांत पुष्कळदा चंद्रज्योत म्हणजे मोगली एरंड असतो. तो याच कुळातला, पण वेगळ्या प्रजातीचा. सर्वांत दुर्लक्षित धोका मात्र एरंडी पेंडेचा आहे. सेंद्रिय खत म्हणून ती रोपवाटिकांत सहज मिळते आणि बाल्कनीतल्या कुंड्यांत घातली जाते. उष्णतेने नीट निर्विष न केलेली पेंड खाऊन कुत्री मेल्याच्या नोंदी ब्राझील आणि दक्षिण कोरियातून आहेत. तिच्यात हाडांचा चुरा मिसळला की कुत्र्यांना ती अधिकच खुणावते. झाडाला घाबरून पेंड मात्र बिनधास्त वापरणे हे धोक्याचे चुकीचे मोजमाप आहे. तिच्या पिशवीवर ठळक इशारा असलाच पाहिजे.

राहता राहिला किडीचा मुद्दा. उंटअळी पानांची चाळण करते हे खरे, परंतु चार-दोन झाडांवर ती हाताने वेचता येते.

खरे काम संशोधन केंद्रांत व्हायला हवे. जगातल्या एरंडाच्या उत्पादनाचा फार मोठा वाटा भारताचा, त्यातही गुजरातचा. व्यापारी लागवडीसाठीचा पहिला संकरित वाण, जीसीएच-३, १९६८ साली गुजरातमध्येच आला. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेत एरंडाच्या वाणांचा मोठा संग्रह आहे आणि खोडाचा रंग, मेणाची भुकटी, बोंडावर काटे आहेत की नाहीत, पहिला तुरा कितव्या पेऱ्यावर येतो, या लक्षणांवरून तिथे वाण ओळखले जातात. हे सगळे निकष तेलासाठी वापरले गेले. शेतकऱ्याला तुरा लवकर आणि खालच्या पेऱ्यावर हवा, म्हणून उशिरा फुलणारी, नुसतीच पानांनी वाढणारी रोपे पैदासकार मागे टाकतो. बागेला नेमकी तीच हवी आहेत: लाल खोडाची, जांभळ्या पानांची, बिनकाटेरी आणि शक्य तितक्या उशिरा तुरा टाकणारी. गिब्सनला दरवर्षी काचघर तापवून जे जगवावे लागे ते आपल्या हवामानात आपोआप वाढते. संग्रहातल्या अशा ओळी वेगळ्या काढून मोजक्या महापालिका उद्यानांत, प्रशिक्षित माळ्यांच्या हाती, दोन-तीन पावसाळे लावून पाहाव्यात. एका झाडाचे तुरे वर्षभरात किती वेळा खुडावे लागले याची नोंद तिथे ठेवली, तर उशिरा फुलणारी कुठली ओळ घरगुती बागेपर्यंत न्यावी हे त्यावरूनच ठरवता येईल.